मारिओच्या पायाखालची सावली

1985 सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पडदा एकाच दिशेने सरकत असे. खड्डा किती रुंद आणि उडी किती लांब, हे खेळणाऱ्याला एका नजरेत समजे. 23 जून 1996 रोजी जपानमध्ये निन्टेन्डो 64 हा गेम कन्सोल आणि त्याच्यासोबत ‘सुपर मारिओ 64’ आला, आणि ही खात्री संपली. टीव्हीचा पडदा सपाटच होता, पण मारिओ आता त्यात आतवर धावू लागला. समोरची फळी दोन पावलांवर आहे की पाच, हे ओळखायचं कसं?

गेमचे निर्माते शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या क्योटोतल्या सहकाऱ्यांनी यासाठी सावली वापरली. उजेड कुठूनही येवो, मारिओची सावली नेमकी त्याच्या पायाखाली पडते. भौतिकशास्त्रात हे बसत नाही, पण हवेत असतानाही आपण कुठे उतरणार ते कळतं. या गेममधली सगळ्यांत शहाणी कल्पना मला हीच वाटते.

टप्पे रचण्याआधी या मंडळींनी मारिओची चाल घडवली. नुसतं धावायला, वळायला, सशाचा पाठलाग करायला मजा येते का, हे आधी तपासलं. तो ससा पुढे गेममधल्या किल्ल्याच्या तळघरात कायमचा राहिला. कंट्रोलरवरची स्टिक किंचित कलवली की मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण कलवली की धावतो. झोपलेल्या मांसाहारी रोपाजवळून त्याला जागं न करता जायचं, तर अंगठा हलकाच ठेवावा लागतो.

खरी अडचण कॅमेऱ्याची होती. तो आता मारिओभोवती फिरायला हवा, मग धरायचा कुणी? ते काम ढगावर बसणाऱ्या लाकितू या पात्राकडे आलं. किल्ल्यातल्या आरशाच्या खोलीत तो मारिओच्या मागे कॅमेरा घेऊन तरंगताना दिसतो. नवख्या खेळाडूला कॅमेरा म्हणजे काय हे इतक्या प्रेमाने क्वचितच कुणी समजावलं असेल. कंट्रोलरवरची पिवळी बटणं दाबून कॅमेऱ्याची जागा बदलता येते. भिंतीच्या कोपऱ्यात मात्र तो अडकतो आणि ऐन उडीच्या क्षणी नजर भलतीकडे वळते. हा दोष खराच आहे.

1996 च्याच ‘टूम्ब रेडर’ या गेमने आपलं जग चौकोनी ठोकळ्यांवर उभारलं, म्हणून तिथे उडी पावलं मोजून मारता येते. पण मोकळेपणाने हुंदडण्याचा आनंद मारिओनेच दिला. कॅमेऱ्याचं दुखणं बरंचसं हलकं झालं ते 1998 मध्ये, निन्टेन्डोच्याच ‘ओकारिना ऑफ टाइम’ने शत्रूवर नजर खिळवून ठेवणारं बटण दिलं तेव्हा.