*बाराबोर वाजवली, आता ती पुसायची कधी?*



आजचा सल्ला पिकाचा नाही, पिकाच्या राखणीचा आहे. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं येतात. परवाना असलेले आपले काही सभासद रात्री बंदूक घेऊन रानात बसतात. मेसेज त्यांच्यासाठी आहे, पण घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

परवा एका सभासद काकांनी सांगितलं. आचारसंहितेत ठाण्यात जमा केलेली दुनळी परत आणली आणि तशीच खोलीत उभी केली. बऱ्याच दिवसांनी रानात जाताना उघडून मागच्या बाजूनं नळ्यांतून बघितलं, तर उजेड एकाच नळीतून आला! दुसऱ्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं. तसाच चाप ओढला असता तर नळी हातापाशीच फुटली असती.

आमच्या डिप्लोमात हे शिकवत नाहीत. माझे मामा राज्य राखीव पोलीस दलात होते, त्यांच्याकडून मी शिकलो.

*घाण कसली असते?*
बार उडाला की नळीत दारूची काजळी, छऱ्याचं शिसं आणि काडतुसातल्या प्लास्टिकचा थर राहतो. काजळी ओल धरते. त्यात पहाटेचं दव आणि हाताचा घाम. दोन-चार दिवसांत तांबेरा धरतो. हा तांबेरा पिकावरचा नाही, फवारून जात नाही. लोखंडाला एकदा खड्डे पडले की पडले.

*साफसफाई – त्याच दिवशी, २० मिनिटं*

१) आधी बंदूक उघडा. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का ते डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पोरंबाळं जवळ नकोत.

२) पुढचं लाकूड, नळ्या आणि दस्ता असे तीन भाग सुटे करा.

३) गजाला पितळी ब्रश लावून मागून, म्हणजे काडतूस घालतो त्या बाजूनं, तोंडाकडे ८-१० वेळा फिरवा. बंदुकीचं सॉल्व्हंट असेल तर उत्तम. नसेल तर थोडं रॉकेल चालतं, पण उघड्यावर बसा आणि विडी-काडी लांब ठेवा.

४) कोरडी सुती चिंधी फिरवा. चिंधी स्वच्छ बाहेर येईपर्यंत बदलत राहा.

५) काडतूस बसतं ती जागा नीट पुसा. काडतूस अडकण्याचं कारण बहुतेक वेळा तिथंच असतं.

६) शेवटी पातळ तेलाचा एक हात, आतून आणि बाहेरून. गन ऑईल किंवा शिलाई मशीनचं तेल. *खोबरेल नको*, थंडीत गोठतं. *शेंगतेल नको*, चिकट होतं. *जळकं इंजिन ऑईल तर अजिबात नको.* बिजागरीला ग्रीसचा बारीक ठिपका पुरे.

७) दस्त्याला जवसाचं कच्चं तेल दोन-चार थेंब, हातानं चोळून. लाकूड तडकत नाही.

*ठासणीची बंदूक असेल तर:* काळ्या दारूची राख जास्त ओल धरते आणि नुसत्या तेलानं निघत नाही. भरलेली नाही याची खात्री करून नळी आधी गरम पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, मग तेल. उद्यावर ढकलू नका.

*ठेवताना*
रेक्झिनच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने ठेवू नका, आत ओल कोंडते. कुलपाच्या कपाटात ठेवा, नळीचं तोंड खाली करून, म्हणजे तेल उतरून लाकडात मुरत नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. ठाण्यात जमा करायच्या आधी तेल लावून द्या आणि पावती जपून ठेवा.

*रानात जाताना*
नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसा आणि आरपार उजेड बघा. वाटेत तोल गेला, तोंड काळ्या मातीत टेकलं, तर बंदूक रिकामी करून परत बघा. जुन्या बंदुकीची काडतुसाची खोली अडीच इंची (६५ मिमी) असू शकते. त्यात ७० मिमीचं काडतूस घालू नका, दाब वाढतो. वीस बोरचं काडतूस बाराबोरच्या खिशात नकोच. ते घसरून नळीत पुढं अडकतं, आणि मागून बाराबोरचं घातलं की स्फोट.

*आपल्या जनावरांसाठी*
रिकामी काडतुसं मोजून गोळा करा. कडब्यात गेली तर गुरांच्या पोटात जातील. साफ केलेल्या चिंध्या हौदात धुऊ नका. धार काढायच्या, जेवायच्या आधी हात साबणानं धुवा. काजळीत शिसं असतं.

*कायद्याचं थोडक्यात*
बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे वन विभागाच्या परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा आहे. नुकसान झालं तर फोटो काढून लगेच वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा, आम्ही मदत करू. नान्नज भागातल्या सभासदांनी विशेष लक्ष द्या: माळढोक अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. दुरुस्ती फक्त परवानाधारक कारागिराकडे. वेल्डिंगच्या दुकानात नळी नेऊ नका.

नळीला फुगवटा, चीर किंवा खोल खड्डे दिसले तर ती बंदूक वाजवू नका. वडिलांची आठवण असली तरी नाही. एक एकर ज्वारी पुढच्या वर्षी परत येते, हाताची बोटं येत नाहीत.

काही विचारायचं असेल तर फोन करा किंवा जुळे सोलापूरच्या ऑफिसला या. फक्त बंदूक घेऊन येऊ नका, आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका. 🙏

– तुमचा कृषी सल्लागार