आधी स्टेशन, मग हॉटेल

लंडनचं तिकीट काढून झालं की घरात लगेच हॉटेलचा विषय निघतो. कुणीतरी मोबाइलवर ॲप उघडतं, तारखा टाकतं, ‘चार स्टार’ आणि ‘रेटिंग आठच्या वर’ अशा चाळण्या लावतं आणि खाली जे उरतं त्यातलं त्यातल्या त्यात स्वस्त हॉटेल पक्कं होतं. गोव्याला किंवा महाबळेश्वरला जाताना ही रीत चालून जाते. लंडनमध्ये मात्र दिवसभर फिरायचं ते भुयारी रेल्वेनं आणि पायी. टॅक्सी खिशाला परवडत नाही आणि स्वस्त हॉटेलांच्या इमारती बऱ्याचदा दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या असतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं आधी विचारावं की जवळचं स्टेशन कोणतं, आणि मग विचारावं की खोली कितव्या मजल्यावर. बाकीचं सगळं त्यानंतर. साठी ओलांडलेले आईवडील सोबत असतील, तर या दोन प्रश्नांवर अख्खी सहल अवलंबून असते.

स्टेशनची गोष्ट विमानतळापासूनच सुरू होते. हीथ्रोहून शहरात यायला सर्वसामान्य प्रवाशापुढे मुख्यतः दोन रेल्वे असतात. पिकॅडिली लाइन ही जुनी भुयारी गाडी. ती अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, रसेल स्क्वेअर, किंग्ज क्रॉस अशी शहराच्या मध्यातून जाते. भाडं कमी, पण किंग्ज क्रॉसपर्यंत साधारण तासभर लागतो, डबे अरुंद आणि बॅगा ठेवायला जागा तुटपुंजी. दुसरी एलिझाबेथ लाइन, मे २०२२ मध्ये सुरू झालेली. ती अर्ध्या तासाच्या आसपास पॅडिंग्टनला पोहोचवते आणि तशीच पुढे टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीट, व्हाइटचॅपलकडे जाते. डबे रुंद, आणि तिच्या प्रत्येक स्थानकावर रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं.

ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी जेमतेम एक तृतीयांश स्थानकांवरच अशी सोय आहे. उरलेल्या ठिकाणी सरकता जिना असला तरी मध्येच दहा-वीस पायऱ्या येतात. रसेल स्क्वेअरचं उदाहरण घ्या. ब्रिटिश म्युझियमच्या जवळ, भोवती हॉटेलंच हॉटेलं, नकाशावर याहून सोयीचं ठिकाण सापडायचं नाही. पण या स्टेशनला सरकते जिने नाहीतच. लिफ्ट आहे, आणि ती बंद पडली तर १७५ पायऱ्यांचा गोल जिना. तरुण जोडप्याला हे चालेल. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला घेऊन तिथे उतरणं योग्य नव्हे. त्यापेक्षा पुढचं किंग्ज क्रॉस गाठावं. तिथे सहा लाइन एकत्र येतात आणि प्रत्येक फलाटापर्यंत लिफ्ट आहे. लंडनच्या वाहतूक खात्याच्या नकाशावर अशा स्थानकांपुढे व्हीलचेअरचं छोटं चिन्ह असतं. हॉटेल शोधायच्या आधी तो नकाशा उघडून पाच मिनिटं नीट पाहावा.

आता मजल्याकडे वळू. पॅडिंग्टनजवळच्या ससेक्स गार्डन्स या रस्त्यावर उभं राहिलं की एका ओळीत पांढऱ्या खांबांची, सारख्या चेहऱ्याची घरं दिसतात, आणि त्यातल्या अनेकांवर हॉटेलची पाटी. ही घरं एकोणिसाव्या शतकात श्रीमंत कुटुंबांसाठी बांधली गेली. एक कुटुंब, एक घर, चार-पाच मजले. तळघरात स्वयंपाकघर, मधल्या मजल्यांवर मालकांची दालनं, छपराखाली नोकरांच्या खोल्या. नोकरचाकर परवडेनासे झाले तसतशी या घरांची वाटणी झाली आणि बरीच घरं हॉटेलं बनली. उंच दालनांच्या मध्ये भिंती घालून दोन-दोन, तीन-तीन खोल्या काढल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात न्हाणीघर बसवलं. यातल्या अनेक इमारती वारसा म्हणून संरक्षित असल्यानं जिना रुंद करणं, लिफ्ट बसवणं, खिडक्या बदलणं यांवर बंधनं आहेत.

आज तुम्हाला मिळणारी खोली या इतिहासातूनच घडते. ‘लोअर ग्राउंड फ्लोअर’ लिहिलेली खोली म्हणजे ते जुनं तळघर. फूटपाथ आणि इमारत यांच्यामध्ये काळ्या लोखंडी कठड्यामागे अरुंद खोलगट जागा असते, खिडकी त्या खड्ड्यात उघडते. पडदा सारला की समोर चुना दिलेली भिंत, आणि मान वर केली तर रस्त्यानं जाणाऱ्यांचे बूट दिसतात. सर्वांत वरची खोली उजेडाची असते, पण तिथवर जाणारा जिना पुढे पुढे इतका चिंचोळा होतो की मोठी बॅग आडवी धरता येत नाही, उभीच उचलावी लागते. पलंग भिंतीला टेकलेला असेल तर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला पायथ्याकडून उतरावं लागतं. ‘स्मॉल डबल’ म्हणजे चार फुटी पलंग. दोघांना मोकळं झोपायचं असेल तर ‘ट्विन’ मागावी, त्यात दोन वेगळे पलंग मिळतात.

नोकरांच्या जिवावर चालणाऱ्या त्या काळाची सर्वांत भव्य खूण सेंट पँक्रस स्टेशनला लागून उभी आहे. १८७३ मध्ये उघडलेलं मिडलँड ग्रँड हॉटेल, लाल विटांचं, टोकदार मनोऱ्यांचं. मुंबईकराला ते पाहताक्षणी ओळखीचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. त्याचा वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यानंच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे केले, तेही मुंबईत कधी पाऊल न ठेवता. सुमारे तीनशे खोल्यांच्या त्या हॉटेलात न्हाणीघरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. गरम पाणी नोकर खोलीत आणून देत. पुढे प्रवाशांना खोलीतच न्हाणीघर हवंसं वाटू लागलं, जाड भिंतींमध्ये ते बसवणं परवडेना, आणि १९३५ मध्ये हॉटेल बंद पडलं. २०११ मध्ये ते नव्यानं उघडलं. राहणं आपल्या आवाक्यातलं नसलं तरी ते बाहेरून पाहायला विसरू नका.

उन्हाळ्यात जाणार असाल तर एसी आहे का, हे वेगळं तपासा. ‘इंग्लंडमध्ये कसला आलाय उकाडा’ असं आपण म्हणतो, पण १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा चाळिशीपार गेला. जुन्या घरांतल्या हॉटेलांत एसी बहुधा नसतो, आणि सुरक्षेसाठी खिडकी चार-पाच इंचच उघडते. छपराखालच्या खोलीत अशी रात्र काढणं कठीण जातं. नव्या साखळी हॉटेलांत खोली लहान असली तरी एसी आणि लिफ्ट यांची खात्री अधिक असते. वयस्क मंडळींसाठी मी डोळे झाकून अशी हॉटेलं सुचवेन, भले त्यांना स्वतःचा चेहरा नसेल. फक्त काही नव्या हॉटेलांत सर्वांत स्वस्त खोलीला खिडकीच नसते, तेवढं वाचून घ्यावं.

मग राहायचं कुठे? पहिल्या खेपेला मी दोन भाग पुढे ठेवेन. एक पॅडिंग्टन. विमानतळ सरळ जोडलेला, हाइड पार्क जवळ, आणि कालव्याच्या काठानं पंधरा मिनिटं चाललं की हाउली प्लेस. तिथल्या १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे. चिरोल खटल्यासाठी आलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. दुसरा भाग किंग्ज क्रॉस ते यूस्टन. यूस्टनमागची ड्रमंड स्ट्रीट शाकाहारी भारतीय जेवणासाठी वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे, त्यामुळे दिवसभर भटकून आल्यावर जेवणाची भ्रांत पडत नाही. यूस्टनहून नॉर्दर्न लाइननं चॉक फार्मला उतरलं की किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर चालत गाठता येतं. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. बाबासाहेब ज्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, ती संस्था उन्हाळी सुट्टीत आपल्या वसतिगृहांतल्या खोल्या प्रवाशांना भाड्यानं देते. खोल्या साध्या, काही ठिकाणी न्हाणीघर सामायिक, पण ठिकाणं मोक्याची. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तो पर्याय जरूर पाहावा.

मध्य लंडन झेपत नसेल तर बाहेर सरकावं, पण चांगल्या रेल्वेला धरून. प्रवासभाड्यासाठी शहराचे मध्यापासून बाहेर असे झोन पाडले आहेत. तिसऱ्या झोनमधलं ईलिंग ब्रॉडवे एलिझाबेथ लाइनवर आहे, तिथून पॅडिंग्टन थोड्या मिनिटांवर. वेम्बलीला गुजराती वस्ती मोठी, शाकाहाराची चैन. मात्र स्टेडियममध्ये सामना किंवा मैफल असेल त्या दिवशी भाव चढतात आणि स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. बँकांच्या ‘सिटी’ भागात याउलट शनिवार-रविवारी कामाची माणसं नसल्यानं खोल्या स्वस्त होतात. हीथ्रोच्या आसपासची हॉटेलं फोटोत झकास दिसतात आणि भावही गोड असतो, पण विमानतळ सहाव्या झोनमध्ये आहे. तिथे राहिलात तर रोज जाण्यायेण्यात दोन तास जातील. परतीचं विमान पहाटेचं असेल तर फक्त शेवटची रात्र तिथे काढावी.

हॉटेलच्या नावावर भिस्त ठेवू नका. ‘हाइड पार्क’ किंवा ‘केन्सिंग्टन’ हे शब्द नावात घालायला फारसं काही लागत नाही. पत्त्यातला पोस्टकोड नकाशात टाका. ब्रिटनमधला पोस्टकोड एखाद्या रस्त्यावरच्या मोजक्या घरांपुरताच असतो, त्यामुळे स्टेशनपर्यंतचं अंतर लगेच कळतं. सामानासकट आठ मिनिटांच्या वर चालायला लागू नये असं मला वाटतं. स्टारचंही तसंच. ब्रिटनमध्ये व्हिजिट इंग्लंड आणि एए या संस्था हॉटेलं तपासून दर्जा देतात, पण ही तपासणी करून घेणं हॉटेलांवर बंधनकारक नाही, आणि ॲपवरचे स्टार त्यांचेच असतील असं नाही. त्यापेक्षा ताज्या प्रतिक्रिया वाचा, आणि त्यांत लिफ्ट, जिना, तळघर, उकाडा, आवाज हे शब्द शोधा.

पैसे भरण्याची घाई करू नका. व्हिसासाठी हॉटेलचे पैसे आधी भरलेले असलेच पाहिजेत, अशी ब्रिटनची अट नाही. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारं बुकिंगच घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. चेक-इनच्या वेळी बरीच हॉटेलं अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड दिलंत तर तुमचाच खर्चाचा पैसा काही दिवस गोठतो, म्हणून तिथे क्रेडिट कार्ड पुढे करावं. खोली साधारण दुपारी दोन-तीननंतर मिळते. विमान सकाळी उतरणार असेल तर बॅगा ठेवून घेतील का, हे आधीच विचारावं.

हे सगळं विचारायला एक साधा ईमेल पुरतो. आमच्यासोबत वयस्क माणसं आहेत, खोली कोणत्या मजल्यावर देणार, लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जाते का, दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, आणि सकाळी आठला बॅगा ठेवता येतील का, एवढंच लिहा. उत्तर आलं की त्याची प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. काउंटरवरच्या माणसानं तळघराची किल्ली पुढे केली तर तो कागद दाखवून खोली बदलून मागता येते.