आईचे दूध, नोकरी आणि आपण सारे

बाळ जन्माला आले की घरोघरी पेढे वाटले जातात. नाव काय ठेवायचे यावर चर्चा होते, बारशाची तारीख ठरते. परंतु पुढचे सहा महिने त्या बाळाच्या पोटात काय जाणार, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र बाळंतिणीवर सोडून दिला जातो. पुरुष मंडळी म्हणतात, तो बायकांचा विषय. शिकलेल्या मुली म्हणतात, ते आपोआप जमते. वाचक बंधू-भगिनींनो, ते आपोआप जमत नाही, हे आम्ही स्वानुभवाने शिकलो आहोत. म्हणूनच या वर्षी स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

आमच्या पहिल्या मुलाच्या वेळची गोष्ट. बाळ बारा दिवसांचे होते. रात्रभर रडे, तासातासाला प्यायला मागे. भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणे, "अगं, तुझं दूध पुरत नाही त्याला. वरचं दूध चालू कर." आम्ही पदवीधर, बँकेत नोकरी करणाऱ्या, तरीही आम्हांला ते खरे वाटले. बाटली आली, पावडरचा डबा आला. बाळ पोटभर पिऊन झोपू लागले आणि आम्हांला हायसे वाटले. पण बाळ अंगावर कमी पिऊ लागले तसतसे आमचे दूध आटत गेले. दोन महिन्यांत ते पूर्ण बंद झाले. पुढे पावसाळ्यात बाळाला जुलाब लागले आणि चार दिवस दवाखान्यात सलाईन लावून ठेवावे लागले. त्या चार रात्री आम्ही स्वतःला दोष देत बसलो. वास्तविक आमच्यात काही उणे नव्हते. उणीव होती ती माहितीची.

दूध कसे येते

बँकेतल्या खात्यातून जितके पैसे काढावेत तितकी शिल्लक कमी होते. आईच्या दुधाचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. जितके दूध बाहेर निघेल तितके नवे तयार होते. बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूला संदेश जातो आणि दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते, तर ऑक्सिटोसिन ते दूध बाहेर ढकलते. यालाच आपल्याकडे पान्हा फुटणे म्हणतात. प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. भीती, वेदना आणि चिंता यांनी पान्हा अडतो. तेव्हा बाळंतिणीला "तुला दूधच नाही" असे ऐकविणे म्हणजे तिचे दूध अडविण्यासारखेच आहे.

बाटलीने एक वेळ दूध दिले की अंगावरचे पिणे एक वेळ कमी होते. छातीत दूध साचून राहिले की शरीर समजते, मागणी घटली. मग उत्पादनही घटते. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

पहिले दिवस

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की, जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे, सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे आणि त्यानंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा अधिक काळ पाजावे. पहिले दोन-तीन दिवस येणारा दाट पिवळसर चीक काही ठिकाणी अजूनही पिळून टाकून देतात. तसे करू नये. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असतात. तो थोडाच येतो, पण त्या दिवसांत बाळाचे पोटही एवढेसे असते की एका वेळी चमचाभर चीक त्याला पुरतो. मध, गुळाचे पाणी, गुटी यांतले काही देऊ नये. मधातून होणारी विषबाधा वर्षाच्या आतील बाळाच्या जिवावर बेतू शकते. उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

पाजताना बाळाचे डोके, मान आणि अंग सरळ रेषेत असावे व त्याचे पोट आईच्या पोटाला टेकलेले असावे. बाळाने मोठा 'आ' केल्यावरच त्याला छातीशी घ्यावे. केवळ बोंड नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, त्याच्या तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला म्हणजे पकड बरोबर आहे. बोंडाला भेगा पडतात त्या बहुधा पकड चुकल्यामुळे. अशा वेळी दात-ओठ खात पाजत राहू नये. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आपले स्वच्छ बोट आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा नीट लावावे.

दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे

केवळ रडण्यावरून ते ठरत नाही. नवजात बाळ दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पिते, हे अगदी नैसर्गिक आहे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत बहुधा भरून येते. मात्र बाळ सुस्त पडले असेल, पीत नसेल, शू कमी होत असेल, ताप असेल किंवा अंग पिवळे दिसत असेल, तर घरगुती उपाय करीत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. वजन खरोखरच वाढत नसेल आणि डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर ते देण्यात कमीपणा नाही. फक्त अंगावर पाजणे चालू ठेवावे.

आळीव, डिंकाचे लाडू आवडत असतील तर जरूर खावेत, पण खरे दूध वाढते ते बाळाच्या चोखण्याने. आईने भाकरी, वरण-भात, पालेभाजी, जमेल तर अंडी-मासे असे चौरस जेवावे आणि तहानेप्रमाणे पाणी प्यावे.

छाती दाटून गच्च झाली तर पाजण्यापूर्वी थोडे कोमट शेकावे, पाजल्यावर थंड पाण्याची पट्टी ठेवावी. जोरजोराने चोळू नये. छाती लाल होऊन ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे, पण पाजणे थांबवू नये. ते दूध बाळाला चालते.

कामावर परतताना

आता नोकरदार आईचा प्रश्न. आमची मुलगी पाच महिन्यांची असताना रजा संपली. या वेळी आम्ही तयारीत होतो. कामावर जाण्याआधी दोन-तीन आठवडे दूध काढण्याचा सराव केला आणि घरच्यांना वाटी-चमच्याने पाजण्याची सवय लावली. आमच्या सासूबाईंनी माळ्यावरचे जुने बोंडले काढून घासून-उकळून घेतले. वाटी किंवा बोंडले हे बाटलीपेक्षा चांगले. स्वच्छ करायला सोपे आणि बाटलीच्या बुचाची सवय लागून बाळ अंगावर पिणे सोडीत नाही.

कामाचे दिवस असे आखावेत. निघण्यापूर्वी पाजावे. कामावर दर तीन तासांच्या सुमारास दूध काढावे. घरी आल्याबरोबर, हातपाय धुऊन, पुन्हा पाजावे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी फक्त अंगावरच पाजावे. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलिलीटरच्या आसपास दूध पिते. त्यावरून आपल्या गैरहजेरीत किती लागेल याचा अंदाज येतो.

हाताने दूध काढणे

याला पंपच हवा असे नाही. साबणाने हात धुवावेत. निवांत बसावे. बाळाचा विचार करावा, त्याचे दुपटे जवळ ठेवले तरी पान्हा फुटायला मदत होते. अंगठा वरच्या बाजूला आणि तर्जनी खालच्या बाजूला, काळसर भागाच्या कडेवर ठेवावी. आधी छातीच्या दिशेने मागे दाबावे, मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबावीत आणि सोडावीत. पुन्हा दाबावे, सोडावे. बोटे कातडीवर घासू नयेत, बोंड ओढू नये. पहिली एक-दोन मिनिटे थेंबच येतील, मग धारा लागतील. बोटांची जागा फिरवीत दोन्ही बाजूंचे काढावे. वीस ते तीस मिनिटे लागतात. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

पंप घ्यायचा तर हाताचा किंवा विजेवरचा, पूर्ण उघडून धुता येईल असा घ्यावा. रबरी फुग्याचा जुन्या पद्धतीचा पंप घेऊ नये, त्याचा फुगा आतून स्वच्छ होत नाही. पंपाचे नरसाळे आपल्या मापाचे असावे. जोर हळूहळू वाढवावा. दूध लागणारे सर्व भाग प्रत्येक वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावेत व हवेवर कोरडे होऊ द्यावेत.

दूध साठविणे

काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावे. २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकते. आपल्याकडच्या वैशाखात एवढी वाट पाहू नये. फ्रीजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला, चार दिवस टिकते. बर्फाच्या खणाला वेगळे दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत चांगले राहते. भांड्यावर तारीख लिहावी आणि आधीचे दूध आधी वापरावे. वर साय आली तर दूध नासले असे नाही, हलकेच हलवून घ्यावे. देताना भांडे कोमट पाण्यात ठेवावे. गॅसवर उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये. बाळाने तोंड लावून उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. स्वतःचा फ्रीज नसेल तर शेजाऱ्यांना विचारायला संकोच वाटू देऊ नये.

हे सारे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात आमच्या शाखेत दूध काढायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी उत्तर मिळाले, "स्वच्छतागृह आहे की." जिथे आपण स्वतः डबा खाणार नाही, तिथे बाळाचे अन्न कसे काढायचे? दुपारी काउंटरवर पासबुके भरता भरता ब्लाऊज ओला झाला आणि आम्ही मान खाली घालून बसलो. अखेर एका सहकारी भगिनीने स्टेशनरीची खोली मोकळी करून दिली. व्हाउचरच्या गठ्ठ्यांमागे एक खुर्ची ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीत ती स्वतः दाराशी उभी राहू लागली. घरून बर्फ घातलेला थर्मास आणि त्यात स्टीलची डबी, एवढ्या सामानावर आमच्या मुलीने वर्षभर आईचे दूध प्याले. एक खुर्ची आणि एक कडी, एवढाच खर्च होता!

हक्क आणि कायदा

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांतात कारखान्यांतील स्त्रियांसाठी कायदा झाला. १९६१ साली देशाचा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, असेही ठरले. कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी कायम आहेत. वरच्या दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

परंतु धुणीभांडी करणारी, बिगारी कामावर जाणारी, शेतात राबणारी आपली भगिनी यातल्या बहुतेक लाभांपासून दूरच आहे. तिच्यासाठी आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ४२ दिवसांत त्या सहा वेळा घरी येतात. त्यांना पाजण्याविषयी मोकळेपणाने विचारावे. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या गवळणीचे नाव त्यांना दिले आहे. त्यांचा वापर करावा आणि कुलूप दिसले तर चौकशी करावी.

ज्या बाळाला आईचे दूध मिळत नाही, त्याच्यासाठी दुग्धपेढी असते. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ साली आपल्या मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. महामायेच्या मृत्यूनंतर महाप्रजापती गौतमीने सिद्धार्थाला आपल्या दुधावर वाढविले, हे आपण जाणतोच. दुसऱ्याच्या बाळासाठी दूध देणे ही आपल्याला परकी कल्पना नाही.

आपण काय करावे

विद्यार्थी मित्रांनो, हा विषय तुमचाही आहे. उद्या तुम्ही पती व्हाल, कुणी अधिकारी व्हाल. घरात वहिनी बाळाला पाजत असेल तेव्हा तिला पाणी आणून द्या, घरातली कामे वाटून घ्या. कार्यालयात कुणी भगिनी रजेवरून परतली तर तिला जागा कुठली हे तिने विचारण्याआधी सांगा. ज्येष्ठ भगिनींनी बाळंतिणीला भेटायला जाताना "दूध पुरतं का?" हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि "झोप झाली का?" हा विचारावा. आपल्या संस्थेच्या सभागृहातही कार्यक्रमाच्या दिवशी एक पडदा आणि एक खुर्ची ठेवता येईल. पुढच्या सभेत ही सूचना आम्ही मांडणार आहोत. तिला आपण सर्वांनी पाठिंबा द्यावा, एवढी नम्र विनंती.