'वेट अप' म्हणजे नेमकं काय?

'वेट'ला 'अप' जोडलं की दोन अर्थ निघतात.

१) कुणी घरी येईपर्यंत न झोपता वाट पाहणं. रात्री उशिरा येणारा मुलगा आईला सांगतो, 'डोन्ट वेट अप फॉर मी.' म्हणजे, 'माझ्यासाठी जागत बसू नकोस, झोप तू.' भूतकाळात 'शी वेटेड अप फॉर हिम' : ती त्याच्यासाठी जागी राहिली.

२) 'हे, वेट अप!' म्हणजे 'अरे थांब ना, मलाही येऊ दे!' पुढे निघून गेलेल्याला मागून मारलेली हाक. हा वापर मुख्यतः अमेरिकन बोलण्यातला.

बसची वाट पाहताना मात्र साधं 'वेट फॉर'च. आणि 'वेट ऑन' म्हणजे हॉटेलात गिऱ्हाइकाला हवं-नको बघणं. वेटरचं कामच ते!