साबणाचें पाणी आणि बागाईत

शिवडी येथें १९३४ सालीं लिव्हर कंपनीच्या कारखान्यांत साबण होऊं लागला. तो कारखाना पुढें बंद झाला, तरी साबण आज घरोघरीं आहे. व उन्हाळ्यांत विहीर आटूं लागली म्हणजे धुण्याचें पाणी झाडांस द्यावें कीं नाहीं, असा प्रश्न बागाइतदारांस पडतो.

आमचें म्हणणें असें कीं, द्यावें; पण साबण पाहून. वडीचा साबण कॉस्टिक सोड्यानें करितात. पुडींतहि बहुधा धुण्याचा सोडा असतो. त्यांतील सोडियम काळ्या जमिनीचे कण विखुरतें. मग पाणी मुरत नाहीं व जमीन चोपण होते. टांकणखारांतील बोरॉन अधिक झाल्यास पानांच्या कडा करपतात.

पोटॅशचा पातळ साबण यांहून बरा, कारण पोटॅश हें पिकाचें अन्नच होय. रिठ्याचीं टरफलें रात्रीं भिजवून सकाळीं कोळलीं असतां चांगला फेंस येतो. रेशमी व लोंकरी कपड्यांस तो उत्तम. फार मळक्या सुती कपड्यांस मात्र कमी पडतो. हें पाणी माशांस विषारी असल्यानें विहिरींत वा तळ्यांत जाऊं देऊं नये.

धुण्याचें पाणी न सांठवितां त्याच दिवशीं केळी-नारळीच्या आळ्यांत, जागा बदलीत, द्यावें. पालेभाजीस देऊं नये. चोपण झालेली जमीन सुधारण्यास वर्षें लागतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.