गट ऑफिसातली फाईल आणि कारखान्याची मोठी खतावणी

(ऊस विकास विभागाकडून)



लागणीची नोंद ही तोडणीच्या पाळीची पहिली पायरी आहे, हे आम्ही या पत्रिकेतून वेळोवेळी सांगत आलो आहोत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागण तारीख आणि हंगाम या पाच गोष्टी नीट असल्या म्हणजे पुढचं सगळं सुरळीत होतं. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिन्यांनी, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिन्यांनी आणि सुरू ऊस बारा महिन्यांच्या सुमारास तोडणीला येतो. नोंदीतली तारीख महिनाभर पुढे-मागे झाली की कोवळा ऊस आधी तुटतो आणि तयार झालेला फडात उभा राहतो. वजन घटते, उतारा घटतो. नुकसान शेतकऱ्याचे होते, तसेच कारखान्याचेही होते.

या वेळी नोंदीच्या दुसऱ्या एका बाजूबद्दल लिहीत आहोत. नोंद अगदी बरोबर आहे, पण ती गट ऑफिसातल्या संगणकातच पडून राहिली, तर काय होते? आणि तो छोटा संगणक कारखान्यावरच्या मोठ्या संगणकाला जोडतात म्हणजे नेमके काय करतात? विषय जरा रुक्ष आहे खरा. पण आपल्या पाळीशी आणि पैशाशी त्याचा सरळ संबंध आहे.

एकाच उसाच्या तीन नोंदी

समजा, गोमाई काठच्या एका सभासदाने तीन एकर ऊस नोंदवला होता. पुढे त्यातला एक एकर मोडून त्याने पपई लावली. गट ऑफिसात येऊन त्याने तसे सांगितले, आणि तिथल्या कारकुनाने आपल्या संगणकात दुरुस्तीही केली. पण कारखान्यावर शेती विभागाकडे आहे ती गेल्या आठवड्यात पेन ड्राइव्हवर नेलेली नक्कल. तिच्यात अजून तीनच एकर! टोळी आणि वाहने त्या हिशेबाने जातात. दोन दिवसांत फड संपतो, मुकादम म्हणतो, "साहेब, पुढचं रान कुठलं?" आणि तोवर शेजारच्या सभासदाची पाळी अडलेली असते.

बँक खात्याचेही असेच. सभासद खाते बदलतो, गट ऑफिसला कळवतो, पण हिशेब विभागाच्या फायलीत जुनाच नंबर राहतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. तीन ठिकाणच्या तीन फायली जुळवण्यात जेवढे दिवस जातात, ते याच चौदा दिवसांतून जातात. हे लक्षात घेतले म्हणजे जोडणीची गरज वेगळी सांगायला नको.

फाईल वेगळी, खतावणी वेगळी

छोट्या संगणकावर नोंदी ठेवायला फॉक्सप्रो किंवा ॲक्सेस असे प्रोग्राम वापरतात. ॲक्सेस १९९२ साली बाजारात आले. एका टेबलावर, एक-दोन माणसांसाठी ते उत्तम आहे. शिकायला सोपे, फॉर्म सुबक, आणि सभासदाचा कोड टाकला की नाव पुढे येते. पण त्यातली सगळी माहिती एका फायलीत असते. ही फाईल म्हणजे उघड्या कपाटात ठेवलेली वही समजा. ज्याला काम असेल त्याने जावे, पाने आपल्या टेबलावर आणावीत, लिहावे आणि परत ठेवावीत. माणसे वाढली की ओढाताण सुरू होते. लिहिता लिहिता वीज गेली किंवा तार सुटली तर फाईल बिघडू शकते. शिवाय ॲक्सेसच्या एका फायलीला दोन गिगाबाइटची मर्यादा आहे.

मोठ्या डेटाबेस सर्व्हरचे काम निराळे. तिथे कपाटाला कुलूप असते आणि खिडकीशी एक जाणता अभिलेखपाल बसलेला असतो. आपण चिठ्ठी द्यायची: "अमुक कोडच्या सभासदाची या हंगामातली नोंद द्या." तो तेवढीच नोंद काढून देतो, वही कुणाच्या हाती देत नाही. एकाच वेळी दोघांनी एकच नोंद बदलू पाहिली तर तो एकाला थांबवतो. उसाचे वजन, बिल आणि त्यातली कपात या तिन्ही नोंदी एकत्र करायच्या असतील तर एकतर तिन्ही पूर्ण करतो, नाहीतर एकही करत नाही. मध्येच वीज गेली तरी अर्धवट हिशेब राहत नाही. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल ही अशा व्यवस्थांची नावे. त्यांतली पोस्टग्रेस परवान्याचा खर्च न करता वापरता येते. सहकारी संस्थेने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मधला दुभाषी

मग गट ऑफिसातला ओळखीचा फॉर्म टाकून द्यायचा का? नाही. जोडणीचा सगळा फायदा इथेच आहे. फॉर्म तोच राहतो, फक्त मागची वही हलते.

या दोघांच्या मध्ये ओडीबीसी नावाचा दुभाषी असतो. मायक्रोसॉफ्टने तो १९९२ साली आणला. गट ऑफिसच्या संगणकावर त्या सर्व्हरसाठीचा ड्रायव्हर बसवायचा आणि सर्व्हरचा पत्ता, डेटाबेसचे नाव व वापरणाऱ्याचे नाव एकदा नोंदवून ठेवायचे. मग ॲक्सेसमध्ये 'लिंक' केलेला तक्ता दिसतो. दिसतो इथे, असतो तिथे! कारकुनाने मंगळवारी केलेली दुरुस्ती शेती विभागाला मंगळवारीच दिसते, कारण दुसरी नक्कल उरतच नाही.

कुठे अडते?

हे काम करणाऱ्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१) प्रत्येक नोंदीला स्वतंत्र क्रमांक हवा. तो नसेल तर जोडलेला तक्ता ॲक्सेसमध्ये वाचता येतो, बदलता येत नाही. एका सभासदाचे चार प्लॉट असतात, म्हणून नुसता सभासद कोड पुरत नाही.

२) प्रश्न नेमका विचारावा. सर्व्हरला न समजणारे ॲक्सेसचे खास सूत्र अटीत घातले, तर सगळा तक्ता तारेवरून इकडे येतो आणि छाननी इथे होते. लाईन मंद असेल तिथे मग चहा पिऊन यावे, तरी उत्तर नाही. अशी छाननी सर्व्हरवरच करून ठेवावी.

३) मराठी नावे जुन्या फाँटमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये आणावीत. नाहीतर 'पाटील' च्या जागी भलतीच अक्षरे दिसतात.

४) ॲक्सेस बत्तीस बिटचे असेल तर ड्रायव्हरही बत्तीस बिटचा लागतो, चौसष्टला चौसष्ट. हे न जुळल्याने पुष्कळ वेळ वाया जातो.

५) सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा अधिकार द्यावा. वजन पाहणे वेगळे, वजन बदलणे वेगळे.

६) रोज नक्कल काढावी आणि ती परत चढते की नाही, हे अधूनमधून तपासावे.

लाईन गेली तर?

आपल्या भागात हा प्रश्न कुणीही पहिला विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या नोंदणीत माहिती जागच्या जागी संगणकात घेत, तिचे कुलूपबंद पुडके करत आणि ते नंतर मध्यवर्ती भांडाराकडे पाठवत. हा माणूस आधी नोंदला गेला आहे का, हे भांडारात तपासून मगच क्रमांक मिळे. नोंद गावात, खात्री मध्यभागी. लागण नोंदीलाही हीच रीत चालते: लाईन नसताना नोंद तात्पुरती इथे ठेवावी, तिला पावती क्रमांक द्यावा आणि लाईन आल्यावर पाठवावी. तोच पावती क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो नाकारावा, म्हणजे एकाच फडाच्या दोन नोंदी होणार नाहीत.

दुसरे उदाहरण ऊस पट्ट्यातले. वारणानगर येथे १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली सुमारे सत्तर गावे त्यात घेतली होती. आपल्या उसाची माहिती सभासदाला गावातल्या संगणक केंद्रावर मिळावी, हा त्यातला एक मोठा हेतू. पुढे संशोधकांनी तिथल्या सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून तेच काम करून पाहिले. यातून आम्ही एवढेच घेतो की दरवाजा बदलला तरी चालतो. आज संगणक, उद्या मोबाईल. मागची खतावणी मात्र एकच आणि खरी हवी.

सभासदांनी काय करावे?

जोडणीने चूक सुधारत नाही, उलट चुकीची नोंद एका क्षणात सगळीकडे पोचते. रान न मोजता क्षेत्र अंदाजाने सांगितले, तर जगातला कोणताही सर्व्हर ते ओळखणार नाही. म्हणून —

• लागण झाल्यावर लवकर नोंद करावी आणि पावतीवरचा सर्व्हे नंबर, क्षेत्र, जात व तारीख तिथेच वाचून घ्यावी. वाचता येत नसेल त्यांनी मोठ्याने वाचून घेण्याचा आग्रह धरावा. तो आपला हक्क आहे.

• ऊस मोडला, खोडवा ठेवला, खाते किंवा मोबाईल नंबर बदलला, तर ते तोडणी सुरू होण्याआधी कळवावे.

• जुनी पावती बिल मिळेपर्यंत जपावी. संगणक आला म्हणून कागद फेकू नये.

• नोंद व आपले म्हणणे जुळत नसेल तर चिटबॉयशी वाद घालण्यापेक्षा गट ऑफिसात येऊन नोंद पडद्यावर पाहावी.

सहकारात सभासद हा मालक आहे. मालकाने आपली खतावणी पाहिलीच पाहिजे, मग ती लाल कापडात बांधलेली असो की सर्व्हरमध्ये. पुढच्या लागणीच्या वेळी पावती हातात घेऊन एक मिनिट थांबावे आणि ती वाचावी, एवढीच आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी