महामारीचा काळ आणि लहान उद्योगांचे अर्थकारण

कोविड-१९ महामारीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. सौंसर व पांढुर्णा भागात हे दिवस मृग बहाराच्या संत्र्याच्या तोडणीचे असतात. बाजारपेठा व वाहतूक विस्कळीत झाल्याने व्यापारी, वाहतूकदार व लहान उद्योजक यांची आवक खुंटली. परंतु वेतन, भाडे व कर्जावरील व्याज ही देणी थांबली नाहीत.

रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्यास मुभा दिली. ही माफी नव्हती. शिल्लक कर्जावर व्याज चढतच होते. १०० पर्यंत कामगार असलेल्या व ज्यांतील ९० टक्के कामगारांचे मासिक वेतन १५,००० रुपयांहून कमी होते अशा आस्थापनांतील या अल्पवेतनी कामगारांची भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी, मालकाच्या हिश्शासह, मार्च ते ऑगस्ट केंद्र शासनाने भरली. ज्यांची नावेच निधीच्या नोंदीत नव्हती, ते मात्र या साहाय्यास मुकले.

म्हणून नव्या यंत्रसामग्रीत भांडवल गुंतविण्यापूर्वी निदान तीन महिन्यांचे वेतन व हप्ते भागतील एवढी शिल्लक राखावी आणि प्रत्येक पात्र कामगाराची रीतसर नोंद करावी. संकटकाळी मदत पोहोचते ती नोंदीच्याच आधारे.